‘खून झाला तेव्हा मी यानात होतो’ : ही अ‍ॅलिबी टिकेल का? (विज्ञान-गुन्हेकथा, मदत हवी)

लघुलिपी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले. धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी कोर्टात लघुलेखिका होते, ३१ वर्षं. साक्षीदार बोलायचे, मी लिहायची. त्यातला बराच काळ एका शब्दापायी गेला : ‘तेव्हा’. एका मारामारीच्या केसमध्ये साक्षीदार म्हणाला, "तेव्हा दिवे गेले होते." वकीलसाहेबांनी त्या एका ‘तेव्हा’वर चाळीस मिनिटं उलटतपासणी घेतली. तेव्हा म्हणजे आवाज आला तेव्हा, तुम्ही दार उघडलंत तेव्हा, की पोलीस आले तेव्हा? साक्षीदार घामाघूम. मी तोच शब्द पुन्हा पुन्हा खरडतेय. लघुलिपीत त्याला एक बारकी रेघ पुरते म्हणून बोटं वाचली.

निवृत्त झाल्यावर वाटलं, या ‘तेव्हा’चा सगळ्यात मोठा घोळ कुठे होईल? जिथे माणसागणिक घड्याळ वेगळं चालतं तिथे. म्हणून ही कथा लिहायला घेतली.

सांगाडा असा. एका प्रयोगशाळेत अभियंत्याचा खून होतो. झटापटीत भिंतीवरचं घड्याळ पडून ९ वाजून १० मिनिटांवर बंद पडलेलं. संशय त्याच्या भागीदारावर. पण भागीदार आदल्या दिवशीच टाऊ सेटी नावाच्या ताऱ्याकडे जाणाऱ्या यानात बसलेला आहे, आणि ९.१० ला त्याने यानाच्या हजेरीवहीत सही केलेली आहे. यान अर्ध्या वाटेपर्यंत १ जी त्वरणाने (म्हणजे पृथ्वीच्या ओढीइतक्या जोराने) वेग वाढवत जातं, मध्यावर उलटं फिरतं आणि उरलेली वाट तितक्याच जोराने वेग कमी करत जातं. त्यामुळे आत कायम घरच्यासारखं वजन जाणवतं. अंतर ११.९ प्रकाशवर्षं. माझ्या हिशोबाने पृथ्वीवर १३.७ वर्षं जातात आणि यानात फक्त ५.१५. (हा हिशोब तीनदा केलाय. चुकला असेल तर हळुवारपणे सांगा.)

माझी तपास अधिकारी वसुधा. कथेच्या शेवटच्या प्रकरणातला खटका हा, की यानातले ९.१० आणि पृथ्वीवरचे ९.१० एकच नव्हेत. प्रचंड वेगामुळे यानातलं घड्याळ हळू चालतं (आइन्स्टाईनची सापेक्षता), म्हणजे आरोपीला मधली फट मिळाली.

भाच्याला वाचायला दिलं. तो या विषयातला आहे. वाचून म्हणाला, "मावशी, छान आहे." एवढंच. तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

तर माझ्या शंका. ही फट खरी आहे का? वसुधाने आरोपीचा पाठलाग कसा करायचा? आणि प्रवासात यानावर दुसरा खून होतो (नकाशा सांभाळणारी बाई, तिला काहीतरी कळलेलं असतं), तिथे मृत्यूची वेळ कशी ठरवायची? तिथे ना डॉक्टर वेळेवर, ना पंच.

---

काटकोन

लघुलिपीताई, भाचा गुणी आहे, त्याला बोलू नका. हिशोब बरोबर आहे, १३.७ आणि ५.१५ दोन्ही. खटका मात्र फसलाय.

यान सुटून एक दिवस झालाय असं धरू. १ जी त्वरणाने चोवीस तासांत वेग होतो सेकंदाला साधारण ८४७ किलोमीटर. ऐकायला अफाट, पण प्रकाशाच्या वेगाच्या जेमतेम ०.२८ टक्के. या वेगाला घड्याळं किती मागे पडतात? त्या सबंध दिवसाचा फरक मिळून सेकंदाचा साधारण एक दशांश. तेवढ्यात डोळ्याची पापणी लवते, खून होत नाही. आणि तोवर यान ३ कोटी ६६ लाख किलोमीटर दूर गेलेलं आहे.

मग म्हणाल, खून सहा महिन्यांनी झाला असं दाखवते. तेव्हा घड्याळांत दखल घेण्याजोगा फरक असेल. पण तेव्हा आरोपी इतका लांब असेल, की घड्याळ बघायचीच गरज नाही, तो तिथे असूच शकत नाही. म्हणजे आरोपी जवळ असतो तेव्हा घड्याळं जुळतात, आणि घड्याळं फाटतात तेव्हा आरोपी आवाक्याबाहेर असतो. दोन्हीकडून घोडं तिथेच पेंड खातं.

घड्याळं खरोखर फाटतात, त्यात शंका नाही. ऑक्टोबर १९७१ मध्ये हाफेले आणि कीटिंग यांनी सीझियमची अणुघड्याळं साध्या प्रवासी विमानांतून पृथ्वीभोवती फिरवली, एकदा पूर्वेकडे, एकदा पश्चिमेकडे. पूर्वेकडची साधारण ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडची २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात आणि ते आधीच दुरुस्त करून ठेवावं लागतं. पण नॅनोसेकंदांत कोणी कोणाचा गळा आवळत नाही.

आता तुमच्या ‘तेव्हा’बद्दल. सापेक्षतेने ‘एकाच वेळी’ हे शब्द मोडीत काढले, ते खरं. टाऊ सेटीवर एक घटना आणि पृथ्वीवर एक घटना, आणि दोन्हींमध्ये इतका थोडा वेळ, की तेवढ्यात प्रकाशसुद्धा एकीकडून दुसरीकडे पोहोचू शकत नाही. अशा जोडीत आधी कोणती आणि नंतर कोणती, याचं उत्तर वेगवेगळ्या वेगाने जाणारे निरीक्षक वेगवेगळं देतील, आणि सगळेच बरोबर असतील. पण अशा जोडीत एकीने दुसरी घडवलेली असूच शकत नाही. उलट प्रकाश किंवा त्याहून हळू जाणारं काही एकीकडून दुसरीकडे पोहोचू शकत असेल, तर क्रम सगळ्यांना सारखाच दिसतो. मग वेग कितीही असो.

म्हणून वसुधाने "तेव्हा तू कुठे होतास?" विचारणं सोडून द्यावं. तिने विचारावं, "तू तिथून तिथे पोहोचू शकला असतास का?" या प्रश्नाला कोणत्याही घड्याळाने बघितलं तरी एकच उत्तर येतं.

आणि ते भिंतीवरचं घड्याळ? माझा संशय साधा आहे. आरोपीने आदल्या दिवशीच खून केला, काटे हाताने ९.१० वर फिरवले आणि घड्याळ जमिनीवर आपटलं. यासाठी आइन्स्टाईनला साक्षीला बोलवायला नको.

---

रिकामटेकडा

ते सगळं ठीक. पण पाच वर्षं सतत १ जी देणाऱ्या यानाचं इंधन कुठून आणणार, ते कोणीच विचारत नाहीये.

---

लघुलिपी

@रिकामटेकडा : कथेतलं इंधन लेखिकेतर्फे.

@काटकोन : हातात लाल पेन घेऊनच वाचलं. शेवटचं प्रकरण गेलं, त्याबद्दल दोन मिनिटं शांतता. पण "पोहोचू शकला असतास का" हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. गंमत म्हणजे चांगले वकील हेच विचारायचे. एक वयस्कर वकीलसाहेब साक्षीदाराला कधी वेळ विचारत नसत. विचारत, "त्या दुकानापासून तुमच्या दारापर्यंत किती पावलं?" आम्हाला वाटायचं, म्हातारा वेळ काढतोय.

---

उलटतपासणी

पाठलागाबद्दल मी लिहितो, कारण हा माझा जुना छंद.

पळणाऱ्यापेक्षा निरोप वेगाने गेला तर काय होतं, याची दोन उदाहरणं तुमच्या उपयोगी पडतील. १ जानेवारी १८४५ला जॉन टॉवेल नावाचा माणूस इंग्लंडमध्ये स्लाव गावाजवळ एका बाईला विष देऊन पॅडिंग्टनच्या आगगाडीत बसला. गाडीपेक्षा वेगाने तेव्हा काहीच जात नसे, पण त्या मार्गावर नुकतीच तार टाकलेली होती. वर्णन तारेने पुढे गेलं : क्वेकर पंथाच्या वेषातला इसम. त्या यंत्रात क्यू हे अक्षरच नव्हतं, म्हणून तारवाल्याने क्वेकर हा शब्द के आणि डब्ल्यू लावून पाठवला. पलीकडच्याने आधी डोकं खाजवलं, मग समजला. गाडीतून उतरल्यावर टॉवेलवर पाळत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी त्याला धरला.

दुसरं १९१० चं. डॉक्टर क्रिपेन बायकोचा खून करून प्रेयसीला मुलाच्या वेषात घेऊन २० जुलैला अँटवर्पहून ‘मॉन्ट्रोज’ बोटीने कॅनडाकडे निघाला. कप्तानाला संशय आला आणि त्याने बिनतारी संदेश पाठवला. इन्स्पेक्टर ड्यू २३ जुलैला लिव्हरपूलहून ‘लॉरेंटिक’ या जास्त वेगवान बोटीत बसले, मागून येऊन पुढे गेले आणि ३१ जुलैला पायलटच्या (बोटीला बंदराची वाट दाखवणाऱ्याच्या) वेषात ‘मॉन्ट्रोज’वर चढून त्याला अटक केली. बोटीवरच्या क्रिपेनला शेवटपर्यंत पत्ता नव्हता. सगळं जग मात्र वर्तमानपत्रात रोज त्याची बोट कुठवर आली ते वाचत होतं.

आता हे टाऊ सेटीला लावा. यानाला १३.७ वर्षं, प्रकाशाला ११.९. फरक १.८ वर्षांचा, म्हणजे साडेएकवीस महिने. यान सुटल्यापासून साडेएकवीस महिन्यांच्या आत प्रेत सापडलं आणि रेडिओ संदेश सुटला, की तो यानाआधी पोहोचला. आरोपी उतरायच्या आधीच दारात बेड्या. तुमच्या कथेत प्रेत दुसऱ्या दिवशी सापडतं ना? मग वसुधाला एक संदेश पाठवून घरी जाऊन झोपता येईल. कथा सातव्या पानावर संपली.

मग ‘लॉरेंटिक’ची युक्ती करायची का? जास्त वेगवान यान? तिथेही पंचाईत आहे. दुप्पट त्वरणाने, म्हणजे २ जी ने गेलं (वर्षानुवर्षं दुप्पट वजन अंगावर वागवत), तरी पृथ्वीच्या घड्याळाने १२.८ वर्षं लागतात. बचत साडेदहा महिन्यांची. ११.९ च्या खाली कोणालाच जाता येत नाही, त्यामुळे पुढे गाठण्यासारखं फारसं उरतच नाही.

माझा सल्ला : प्रेत बाविसाव्या महिन्यानंतर सापडू द्या. प्रयोगशाळेच्या एखाद्या शीतकोठडीत, जिथे कोणी फिरकत नाही. तेविसाव्या महिन्यात संदेश सुटला तर तो यानानंतर साधारण महिनाभराने पोहोचेल. तेवढ्यात आरोपीला वसाहतीत नाव बदलून मिसळता येतं. आणि त्याने हा आकडा आधीच काढून ठेवलेला असेल, कोठडी त्याच हिशोबाने निवडली असेल, तर तो खरा भागीदार शोभेल.

हद्दीबद्दल थोडं. १९६७ च्या बाह्य अंतराळ कराराच्या आठव्या कलमानुसार अंतराळात सोडलेल्या वस्तूवर आणि तिच्यातल्या माणसांवर ज्या राष्ट्राच्या नोंदवहीत ती वस्तू आहे त्याचा अधिकार राहतो. म्हणजे यानावरचा दुसरा खून त्या राष्ट्राच्या हद्दीत. दुसरं कलम सांगतं, की कुठल्याही खगोलावर कोणत्याच राष्ट्राला मालकी सांगता येत नाही. मग टाऊ सेटीच्या ग्रहावर उतरलेल्या माणसाला कोणत्या पोलिसाने धरायचं? तुमच्या वसाहतीतले लोक त्यावर दोन प्रकरणं भांडू शकतील. भांडू द्या, पण दोनच.

---

काटकोन

वरच्याला जोडून एक. आरोपी यानात बसून पृथ्वीवरच्या बातम्या ऐकतोय असं दाखवणार असाल तर हा हिशोब पाहा. मध्यावर पोहोचेपर्यंत त्याची अडीच वर्षं गेलेली असतात, आणि तोवर यान सुटल्यानंतरच्या फक्त पहिल्या पावणेअकरा महिन्यांच्या बातम्या त्याच्यापर्यंत पोहोचलेल्या असतात. संपूर्ण ५.१५ वर्षांत तो १.८ वर्षांच्या बातम्या ऐकतो. मध्यावर, वेग सर्वांत जास्त असताना (प्रकाशाच्या ९९ टक्के), रेडिओ चौदापट मंद येतो. एका मिनिटाचं बातमीपत्र चौदा मिनिटं चालतं. यंत्राने ते सरळ करून घ्यावं लागेल, पण बातमी शिळीच.

बरेच लेखक उलटं लिहितात, की यानातल्या माणसाला पृथ्वीवरचं सगळं भराभर पळताना दिसतं. जाताना तसं नसतं. परतताना असतं.

---

लघुलिपी

म्हणजे त्याच्या घड्याळात पाच वर्षं आणि त्याच्या कानावर फक्त साडेएकवीस महिने. आणि उतरायच्या क्षणापर्यंत त्याने ऐकलेल्या शेवटच्या बातमीत प्रेत सापडलेलंच नाही!

मला आता हा माणूस आवडायला लागलाय. खुनी आहे, पण रोज सकाळी रेडिओ लावतोय, प्रेत सापडल्याची बातमी येते का बघतोय, आणि ती कधी येणार हे त्याला तारखेनिशी माहीत आहे.

दुसऱ्या खुनाचं कोणी बघेल का?

---

रात्रपाळी

मी शवागारात काम केलंय, डॉक्टर नाही, पण बारा वर्षं टेबलाशेजारी उभं राहून जे बघितलं ते सांगतो.

आधी एक विचारतो. यानात कायम १ जी आहे म्हणता, मग मध्यावर उलटं फिरताना काय होतं? इंजिन बंद असणार, म्हणजे तेवढा वेळ वजन नाही. किती तास?

(फिरवल्यावर छताची जमीन होत नाही. धक्का शेपटाकडूनच येत राहतो, जमीन तीच राहते. हे लिहून ठेवा, खूप लोक चुकतात.)

ते बंद तास ३० धरा. दुसरा खून तिथे करा, मग माझ्याकडे चांगला माल आहे.

मेल्यावर हृदय थांबतं आणि रक्त वजनाने खालच्या बाजूला उतरतं. पाठीवर पडलेल्या प्रेताची पाठ जांभळट होते, जिथे जमिनीला टेकलंय तो भाग दाबामुळे पांढरा राहतो. आमच्यात याला लिव्हिडिटी म्हणतात. अर्ध्या ते दोन तासांत दिसायला लागते, आठ-बारा तासांत पक्की होते. पक्की झाल्यावर प्रेत उलटं केलं तरी डाग हलत नाही. म्हणूनच प्रेत नंतर हलवलं का, ते कळतं.

वजनच नाही, तर रक्त खाली उतरणार कुठे? तरंगणाऱ्या प्रेताला खालची बाजूच नसते. इंजिन बंद झाल्या झाल्या बाई मेली, तर इंजिन पुन्हा सुरू होईपर्यंत तीस तास गेले. प्रेत जमिनीवर आलं तरी पाठीवर, पोटावर कुठेच नेहमीसारखा पट्टा उठणार नाही. आरोपी म्हणतोय, "इंजिन सुरू झालं, एकदम वजन आलं, ती शिडीवरून पडून मेली." पडून मेली असती तर पडलेल्या बाजूला लिव्हिडिटी हवी होती.

आता ताठरपणा. तो रासायनिक आहे, स्नायूंतली ऊर्जा संपते म्हणून येतो, त्याला वजन असो नसो. दोन-चार तासांत जबडा-मान, बारा तासांच्या सुमारास सगळं अंग, मग दीड-दोन दिवसांत सैल. (तापमानाने हे पुढेमागे होतं, आकडे ताणू नका.) इंजिन सुरू झाल्यावर दहा तासांनी प्रेत तपासलं तर पडून मेलेली बाई लाकडासारखी ताठ हवी. ही बाई सैल पडायला लागलीय. म्हणजे ताठरपणा सांगतोय ती चाळीस तासांपूर्वी गेली आणि लिव्हिडिटी सांगतेय ती वजन नसताना गेली. दोघांचा जबाब जुळला.

अंग गार पडण्यावर मात्र भिस्त ठेवू नका. पृथ्वीवर गरम हवा वर जाते आणि प्रेत आपोआप थंड होत जातं. वजन नसेल तर गरम हवा वर जात नाही, अंगाभोवतीच घोटाळते. पंखा चालू असेल तर एक हिशोब, बंद असेल तर दुसरा. आरोपीने पंखा बंद केला असेल तर डॉक्टर हमखास चुकेल.

आणि रक्त. वजन नसताना त्याचे गोळे होतात, ते हवेबरोबर वाहतात आणि ज्याला लागतील त्याला चिकटतात. अंतराळस्थानकात हरवलेली वस्तू आधी हवा ओढणाऱ्या जाळीवर शोधतात, कारण सगळं तरंगत तिथेच जातं. आरोपी जमीन पुसेल, भिंत पुसेल. जाळी विसरेल.

---

लघुलिपी

रात्रपाळी, तुम्हाला साष्टांग. तीस तास मंजूर. इंजिन बंद असताना सगळे आपापल्या खोलीत पट्टे बांधून बसतात असं लिहिलं होतं, आता एकाचाच पट्टा मोकळा राहील.

जाळीचं वाचून मुद्देमालाच्या पिशव्या आठवल्या. सील, पंचांच्या सह्या, लेबल. पिशवी उघडल्यावर लेबलावरचं आणि आतलं जुळलं नाही, की सगळं कोर्ट जागं व्हायचं.

---

तासकाटा

मुद्देमालाचा विषय निघालाच आहे तर माझी एक पुडी. मला जुनी घड्याळं जमवायचा नाद आहे.

काही मनगटी घड्याळांत काट्यांवर बारीक काचनळ्या असतात, आत ट्रिटियम वायू (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार). बॅटरी नाही, ऊन नाही, तरी अंधारात उजळतात. ट्रिटियमचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, म्हणजे तेवढ्या काळात निम्मा वायू संपतो. आणि हा वायू हिशोब ठेवतो तो फक्त स्वतःच्या काळाचा. यानात बसला तर यानाचा, कपाटात राहिला तर कपाटाचा. त्याचे काटे कोणी फिरवू शकत नाही.

समजा आरोपी टाऊ सेटीला जाऊन पृथ्वीवर परत आला. पृथ्वीवर २७.४ वर्षं, त्याच्यासाठी १०.३ (तिथला मुक्काम धरला नाही). इथे राहिलेल्या घड्याळात साधारण २१ टक्के ट्रिटियम उरलं, त्याच्या मनगटावरच्यात ५६ टक्के. फरक मोजता येतो.

---

रिकामटेकडा

आणि माणूस सतरा वर्षं तरुण दिसतोय, ते कोणाला दिसलं नाही?

---

तासकाटा

@रिकामटेकडा : मान्य, माणसासाठी ट्रिटियम नको. वस्तूसाठी हवं. दोन भागीदारांनी एकाच दिवशी एकसारखी दोन घड्याळं घेतली होती असं करा. मेलेल्याचं घड्याळ मुद्देमालात सत्तावीस वर्षं पडून आहे. वसुधा ते मोजते तर ५६ टक्के. जे घड्याळ कपाटातून हललंच नाही, ते सव्वादहाच वर्षं जुनं कसं? कोणीतरी पिशवीतलं घड्याळ बदललंय आणि स्वतःचं प्रवास केलेलं तिथे ठेवलंय.

एक काळजी घ्या : उजेड मोजायला लावू नका, वायू मोजायला लावा. नळीच्या आतला चकाकणारा लेपही वयाने मंदावतो, नुसत्या उजेडावरून वाद होईल.

---

लघुलिपी

हे मी घेतलं. पिशवीचं सील शाबूत, लेबलावर माझ्यासारख्याच कोणा लघुलेखिकेच्या हस्ताक्षरातला नंबर, आणि आत चुकीच्या वयाचं घड्याळ. त्याने ते का बदललं असेल तेही सुचलंय : मूळ घड्याळाच्या पट्ट्यात त्याचं रक्त होतं.

म्हणजे वसुधा कुठेच जात नाही. मी तिला उगाच यानात बसवत होते. ती इथेच म्हातारी होते, तो परत येतो तेव्हा तिची निवृत्ती होऊन गेलेली असते आणि तो चाळिशीतला. तिला मुद्देमालाच्या खोलीत शिरायला परवानगी काढावी लागते. त्या परवानगीच्या अर्जावर मी अख्खं पान लिहिणार आहे, मला ते अर्ज पाठ आहेत.

काटकोन, शेवटची शंका. तो परतताना रेडिओ ऐकत येईल, तेव्हा बातम्या भराभर येतील म्हणालात. किती?

---

काटकोन

येतानाच्या ५.१५ वर्षांत पृथ्वीवरच्या साडेपंचवीस वर्षांच्या बातम्या. मध्यावर चौदापट वेगाने. त्यात प्रेत सापडल्याची बातमी येऊन जाईल, तुमचा तपास येऊन जाईल, तपास फाइलबंद झाल्याचीही येईल. म्हणून तर तो निर्धास्त परततो.

---

लघुलिपी

फाइलबंद! हो. मिळालं.

---

रात्रपाळी

ताई, एवढंच : लिव्हिडिटी लिहिताना जांभळट लिहा, निळी लिहू नका. आणि प्रेत थंडीत ठेवलं असेल तर गुलाबीसर दिसते, तुमच्या पहिल्या प्रेताला ते लागू आहे. शीतकोठडीवाल्याला.